गाडीचे दोन तुकडे

भाचा जर्मनीत नोकरीला लागला आणि त्यानं माझ्या थोरल्या बहिणीला अन् भाऊजींना महिनाभरासाठी तिकडे बोलावून घेतलं. वाशिमजवळच्या मालेगावात त्यांचं भाजीचं दुकान आहे. बहीण त्याआधी एकटी कधी वाशिमलाही गेली नव्हती.

मी त्याच जिल्ह्यात अनसिंगला भाजीपाला करतो. त्या दुपारी टमाटे तोडणं चालू होतं. फोन वाजला. नंबर परदेशातला, अनोळखी. असल्या नंबरांवरून लोकांना फसवतात हे ऐकून होतो, म्हणून कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तो शिवी द्यायच्या तयारीनंच.

"मी बोलून राह्यली रे! काहून कट करतं?"

बहिणीचा आवाज रडून घोगरा झाला होता.

"गाडीचे दोन तुकडे झाले. तुहे भाऊजी पुढच्या तुकड्यात गेले, मी मांगं राह्यली."

मला वाटलं, अपघात.

"कोनाले लागलं काय?"

"लागलं नाई कोनाले. मधातूनच सोडवली गाडी आन् दोन वाटानं नेली."

मग हळूहळू उलगडलं. शेजारच्या शहरात देऊळ आहे, ते पाहायला दोघंच निघाले होते. भाऊजी संडास शोधत पुढच्या डब्यांकडे गेले आणि तेवढ्यात एका स्टेशनवर गाडीचे दोन भाग करून वेगवेगळ्या गावांना पाठवले. तिथली रीतच तशी. बहीण घाबरून पुढच्या स्टेशनवर उतरली. दोघांत एकच फोन, तोही फक्त घरच्या वायफायवर चालणारा; तो, पासपोर्ट, सगळं भाऊजींच्या पिशवीत. फलाटावर कुत्रं घेतलेली एक म्हातारी तेवढी होती. तिला खुणा करून हिनं फोन मागितला. पाठ होता तो एकच नंबर, माझा. माझ्या भाजीच्या कॅरेटवर तो लाल रंगानं लिहिलेला असतो आणि ती कॅरेट रोज तिच्या दुकानात उतरतात.

"ठेव, मी पोराले फोन लावतो."

"ठेवू नोको रे! थे बाई चालली जाईन."

मी म्हटलं, फोन त्या बाईकडे दे. माझं इंग्रजी दहावीचं, तेही कधी वापरलेलं नाही. "मॅडम, सिस्टर, वेट. प्लीज. स्टेशन फोटो, व्हॉट्सॲप." ती पुष्कळ काही बोलली. मला फक्त 'यस' कळलं.

फोटो आला, पण उघडेना. वावरात रेंज धड नाही. मी रस्त्याच्या धुऱ्यापर्यंत, शेताच्या कडेपर्यंत पळत गेलो. तिथं उघडला. निळ्या पाटीवर लांबलचक नाव, आणि खाली लुगड्यावर स्वेटर घातलेली माझी बहीण. तिच्या हातात कुत्र्याची दोरी.

फोटो भाच्याला पाठवला, फोन लावला. नुसती रिंग जात होती. परत लावला, परत लावला. तेवढ्यात म्हातारीचा मेसेज आला. त्यात मला 'ट्रेन' एवढंच वाचता आलं. तिची गाडी आली असणार. मी 'प्लीज वेट' लिहिलं. उत्तर नाही.

मग भाच्याचा फोन आला. "मामा, मीटिंगमधी होतो. काय झालं?"

"फोटो पाह्य पहिले."

"आई तिथं कशी गेली? बाबा कुठी आहेत?"

"गाडीचे दोन तुकडे झाले, थे पुढच्यात गेले. कुठी, थे मले कसं मालूम असन!"

"तिले म्हना हालू नको. मी निघालो."

मी म्हातारीचा नंबर लावला. उचलेल की नाही? बहिणीनंच उचलला.

"हालू नोको. पोरगा निघाला."

"थे बाई बसली नाई गाडीत," ती म्हणाली. "तिची गाडी गेली, थे नाई गेली."

त्यानंतर बराच वेळ काही नाही. तोडणाऱ्या बाया काम सोडून बांधावर येऊन बसल्या होत्या. वाटत होतं, फोन आला आणि माझी बॅटरी संपली तर?

शेवटी भाच्याचा फोन आला. आई सापडली होती. वाटेत बाबाही. भाऊजी उलट्या गाडीनं, जिथं तुकडे झाले त्या स्टेशनवर परत आले होते आणि तिकिटाच्या खिडकीपाशी 'वाइफ, वाइफ' एवढंच म्हणत उभे होते.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बहिणीनं, दोनदा फोन कट केला म्हणून, मला मनसोक्त झापलं. भाऊजी बाजूला खाली मान घालून चहा पीत होते. देऊळ पाहायचं राहिलंच होतं. पुढच्या आठवड्यात दोघं त्याच गाडीनं परत गेले. भाऊजींनी म्हणे वाटभर तिचा पदर मुठीतून सोडला नाही.