घरकर्जाची शिकवणी

पुसदला रो-हाऊस घ्यायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला इंग्रजीची शिकवणी सुरू केली. ती सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. मी विनाअनुदानित शाळेत इंग्रजीचा शिक्षक. बँकेत साहेबानं काही विचारलं आणि ही गडबडली तर काय, ही काळजी अर्थातच मला.

रोज संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि मी ओट्याला टेकून शब्द सांगायचो. मार्जिन मनी म्हणजे आपण आपल्या खिशातून घालायचे ते पैसे. फ्लोटिंग रेट म्हणजे व्याजदर वर जातो, खाली येतो. "वर गेलेला खाली येते काय कधी?" तिनं विचारलं. गॅरंटरपाशी मी फार रेंगाळलो नाही. शाळेत तो शब्द नुसता काढला, तर स्टाफरूम रिकामी झाली होती. फोरक्लोजर म्हणजे हप्ते थकले की बँक घर ताब्यात घेते, असं मी शब्दकोशातून गंभीरपणे वाचून दाखवलं.

"आपल्या इकडे तसं नाही म्हणत," ती म्हणाली. "मुदतीच्या आधी सारं कर्ज फेडून टाकलं, का झालं फोरक्लोजर. आमच्या मोठ्या सिस्टरनं मागच्या साली केलं न."

मी शब्दकोश मिटला, पण शिकवणी काही थांबवली नाही. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

शेवटच्या दिवशी को-अ‍ॅप्लिकंट घेतला. "मुख्य अर्जदार मी, तू माझ्या सोबतीला," असं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

बँकेत साहेबांनी फाईल उघडली. अर्जावर पहिलं नाव तिचं होतं. अर्ज तिनंच भरला होता. मी न वाचताच सही ठोकली होती. साहेबांनी माझी पगाराची स्लिप उचलली, पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

"मॅडम, तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज मंजूर होईल. सरांचं नाव काढा, घर तुमच्याच नावावर घ्या. फाईल लवकर निघेल."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो. इतके शब्द पाठ होते, एकही तोंडात येईना. फार लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की ही आता हो म्हणेल.

"नाही साहेब. टाइम लागला तरी चालते. घरावर नाव दोघाईचं राहू द्या."

"अहो, पण त्यांच्या नावानं कर्जाला काहीच फायदा नाही."

"कर्जाले नसन," ती म्हणाली. "मले हाये."