पाहण्याचे पैसे

हे गेले, त्याला दोन महिने होतील. सकाळी एसटीनं मेहकरला गेले होते. दुपारी शेजारचे दुकानदार दारात येऊन नुसते उभे राहिले, फोन हातात तसाच... तेव्हाच मला कळलं.

ह्यांनी कोकणात, लोकांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या दुकानात बरीच वर्षं काम केलं. गावी परतताना टाकीत हवा भरायचं मशीन आणलं. आमच्याकडे विहिरीत पडलेल्या मोटरी काढणारे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतात. त्या टाक्या हे भरून देत. पण वर्षातून एकदा टाकी रिकामी करून, व्हॉल्व्ह काढून, आत बारका दिवा सोडून पाहत. आतून गंजलेली टाकी भरताना फुटू शकते. पाहण्याचे दोनशे रुपये, टाकी पास होवो की नापास.

"नापास करून वरून पैसे?" गिऱ्हाइकं चिडायची.

"शाळेत नापास झाला तं फी वापस भेटते का बे?" हे हसून म्हणायचे. मला मात्र एकदा म्हणाले, "पास झाल्यावरच पैसे घेतले, तं माहा डोळा पासच करत जाईन."

पुढे ह्यांना मोतीबिंदू झाला आणि पाहायचं काम माझ्याकडे आलं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. मी पाहून ह्यांच्या कानात सांगायची, हे मोठ्यानं सांगायचे.

माझा धाकटा भाऊ गजाननही मोटरी काढतो. दोन वर्षांमागं लोणारकडचं मोठं काम घेऊन तो घाईनं आला. त्याच्या टाकीत तळाला गंजाचे खड्डे पडले होते. मी कानात सांगितलं.

"नाही भरत," हे म्हणाले.

"भाऊजी, एवढी एक खेप..."

"नाही. आन् पाहण्याचे दोनशे दे."

"साळ्याकडून बी घेता? घ्या." नोट टेबलावर टाकून तो गेला. ते काम दुसऱ्याला मिळालं. त्यानंतर तो भाऊबीजेलाही आला नाही. मी ह्यांच्यावरच रुसले. म्हटलं, टाकी मी पाह्यली हे त्याले सांगाचं तरी होतं. हे म्हणाले, "तुह्यं नाव काऊन सांगू? माहेर तुह्यं हाय."

तेराव्याला गजानन आला. बायकांमध्ये बसून म्हणाला, "भाऊजी मनानं कडकच होते." मी पदर तोंडाशी धरून बसले होते... तो खाली घेतला.

"गजा, तुही टाकी म्या पाह्यली होती. त्यायनं फक्त सांगितलं."

तो उठला आणि न जेवता निघून गेला. मला वाटलं, माहेर तुटलं.

परवा गाडी थांबल्याचा आवाज आला. गजानन नवी टाकी खांद्यावर घेऊन आत आला. ह्यांच्या टेबलावर त्यानं दोनशे रुपये ठेवले.

"आधी घे, ताई. मंग पाह्य."

मी पैसे उचलले, आणि दिवा आत सोडला.