गनी, गोणी आणि श्यामराव

श्यामरावांनी कोलकात्याजवळ बजबजच्या ताग गिरणीत चौतीस वर्षं गोणपाट तपासलं. बालीगंजहून लोकल पकडायची, भिंग घेऊन इंचात किती धागे ते मोजायचे आणि एखादा जरी कमी भरला तरी खडूनं फुली मारायची. निवृत्त झाले, भिंग कपाटात गेलं, पण खोड काही गेली नाही. ती आता घरातल्यांच्या मराठीवर उतरली.

"नापास!" हा त्यांचा लाडका शब्द. सून विनीताही त्यातून सुटली नाही, तिथं बारा वर्षांची नात मृणाल कुठली सुटायला? पोर कोलकात्यातच वाढलेली. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत बंगाली आणि उरलंसुरलं मराठी आजोबांच्या वाट्याला.

जुलैत एकदा तिनं विचारलं, "आजोबा, तांदळाचा गनी कुठे ठेवू?"

"नापास! गोणी म्हण. गनी इंग्रजी शब्द आहे. गिरणीत जन्म गेला माझा, मला माहीत नाही होय?"

मृणालनं गोणी तिथंच सोडली आणि त्या दिवसापासून आजोबांशी मराठी बंद केलं. बोललीच तर इंग्रजीत. इंग्रजीला उत्तर द्यायचं नाही, असा श्यामरावांनीही हट्ट धरला. झालं, दोन महिने अबोला! खरं सांगायचं तर म्हातारा आतून पार कासावीस झाला होता. चार वाजता जिन्यात तिची चाहूल लागली की कान टवकारायचे, आणि ती आत आली की वर्तमानपत्रात डोकं खुपसायचे.

सप्टेंबरात शाळेच्या बाईंनी प्रत्येकाला एक इंग्रजी शब्द निवडायला सांगितला. तो आला कुठून, त्याचा अर्थ कसकसा बदलला, ते शोधायचं. मृणालनं रागारागानं 'गनी' घेतला. आणि एका दुपारी धापा टाकत येऊन तिनं एक कागद थेट आजोबांच्या वर्तमानपत्रावर ठेवला. ग्रंथालयातल्या जाडजूड कोशातून उतरवून आणलेला.

श्यामरावांनी चष्मा सारखा केला. मूळ शब्द संस्कृत, गोणी. तोच मराठी-हिंदीत. बैलाच्या पाठीवर धान्य लादायची ती. गोऱ्या व्यापाऱ्यांनी तो उचलला, जाड्याभरड्या कापडाला लावला आणि त्या कापडाच्या पोत्यालाही. खाली मृणालची स्वतःची भर होती: आता दुकानात गनी म्हणजे फॅशनची पर्स.

म्हणजे चौतीस वर्षं गिरणीत गनी आणि घरी गोणी, एकाच तोंडानं, आणि दोन्ही एकच हे कधी डोक्यातही आलं नाही! धागा न् धागा मोजणारा माणूस हा! श्यामराव आधी गोरेमोरे झाले आणि मग असे हसत सुटले की विनीता हातातलं लाटणं घेऊनच बाहेर धावली.

"मीच नापास गं," ते डोळे पुसत म्हणाले. "साफ नापास!"

मृणालला हसू आवरेना. मग ती जरा चाचरत म्हणाली, "आजोबा, सोमवारी वर्गात मी बोलणार. तुम्ही येशील? तुमचा गिरणी कसा होता, ते सांगायला?"

एवढ्याशा बोलण्यात चुकाच चुका. विनीता श्वास रोखून सासऱ्यांकडे बघत राहिली. श्यामरावांचे ओठ हलले, मिटले.

"येणार तर!" त्यांनी नातीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "अजून बोल. कसंही बोल, पण माझ्याशी बोल गं."