गोलकीपरने पेणला नेलेला पाट

आमच्या गोलकीपरने त्या वर्षी पेणला पोत्यातून काय नेलं होतं, ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या पोत्यात माझ्या घरच्या गणपतीचा पाट होता, आणि तो मीच त्याच्या हातात दिला होता.

मी रोह्याजवळ वरसेला राहतो, कंपनीत स्टोअरला आहे. फुटबॉल कधी खेळलो नाही. रोह्याचा संघ खेळला की मात्र मैदानाच्या कडेला उभा असतो, गेली वीस-बावीस वर्षं. आमची लीग आसपासच्या गावांची. पावसात सुरू होते, गणपतीला थांबते आणि दिवाळीनंतर उरलेली निम्मी खेळतात. मोठ्या शहरातल्या कोणाला विचारलंत तर त्याला ती ठाऊकही नसेल. आम्हाला मात्र वर्षभर तेवढंच पुरतं.

आम्हा बघ्यांची एक टोळी आहे. त्यात एक निवृत्त मास्तर, एक रिक्षावाला, बाजारातले दोघे-तिघे आणि मी. मी त्यातला न बोलणारा. पण एकदा बोललो. आदल्या मोसमाच्या शेवटच्या मॅचला पेणच्या कॅप्टनने आमच्या फॉरवर्डच्या पायावर असा पाय घातला की तो पोरगा चार महिने काठी घेऊन फिरला. पेणच्या त्या कॅप्टनचा रामवाडीच्या बाजूला गणपतीचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. रोह्यातल्या निम्म्या घरांत त्याच्याकडच्या मूर्ती येतात. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळे चडफडत असताना मी म्हणालो, “यंदा त्याच्याकडची मूर्ती आपल्यातल्या एकानंही आणायची नाही. कळू दे त्याला.” मी कधी बोलत नाही म्हणूनच असेल, ते सगळ्यांना फार पटलं. मास्तरांनी टेबलावर हात आपटला. रिक्षावाल्याने तिथेच शपथ घेतली. पुढे आठवडाभर मला कोणीही भेटलं की पाठीवर थाप मारायचं.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बॉलपायी देव बदलायचा? मामंजींपासून त्याच कारखान्यातली मूर्ती येते आपल्याकडे. मी नाय बदलणार.” तिचं बरोबर होतं. आमच्याकडे मूर्ती सांगायची म्हणजे आषाढात घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. त्या पाटावरच मूर्ती बसवून मिळते. आमचा पाट फणसाचा, जुना, एका कोपऱ्यावर समईने भाजल्याचा काळा डाग. तो काखेत मारून मी पेणच्या स्टेशनवर उतरलो असतो तर संध्याकाळपर्यंत रोह्यात बातमी पोचली असती.

गोलकीपर आमच्याच कंपनीत प्लांटला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, खाडीकडच्या गावातल्या मुसलमान कुटुंबातला. त्याचे दोन्ही मोठे भाऊ कुवेतला. ह्यालाही ते बोलवत होते, आणि हा जात नव्हता, कारण तिथे गेला की खेळ सुटणार. हे तो उघड सांगायचा आणि लोक हसायचे. त्याची बहीण पेणला दिलेली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्याची फेरी असायची. ईदला मी त्याच्याकडे शिरखुर्मा खायला जायचो, गणपतीत तो आमच्याकडे करंज्या खायला यायचा. मी त्याला कँटीनच्या मागे गाठलं. म्हणालो, तुझ्या वाटेवरच आहे, एवढा पाट देऊन ये आणि सांग, डोळे दरवर्षीसारखे शांत कर, मोठे नको. आणि म्हणालो, कोणाला बोलू नकोस.

“नाय बोलणार, दादा,” तो म्हणाला. बस, एवढंच. पोत्यात गुंडाळलेला पाट त्याने सुट्टीच्या दिवशी गाडीत मांडीवर घेऊन नेला. घरी मी सांगितलं, मीच देऊन आलो.

श्रावणात पेणला मॅच झाली. त्या दिवसांत पेणची अर्धी पोरं कारखान्यांत रंगकामाला असतात. रात्र-रात्र जागून मैदानात येतात, नखांत सोनेरी रंग. पेणला हरवायचं तर गणपतीआधी, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. आणि त्या मॅचला आम्ही हरलो. कॉर्नरवरून आलेला ओला बॉल गोलकीपरच्या हातांतून साबणासारखा निसटला आणि त्यांच्या कॅप्टनने तो ढकलला. चिखल होता, पाऊस होता, कोणाच्याही हातून निसटला असता. पण तो कॅप्टन नेमका तिथेच उभा कसा होता, हा प्रश्न परतीच्या गाडीतच कोणीतरी काढला.

मोसमाचा अर्धा हिशेब आमच्याकडे गणपतीतच होतो, आणि त्या वर्षी तो माझ्या घरी झाला. दुसऱ्या दिवशीची दुपार. आरती आटपलेली, सतरंजीवर पत्ते पडलेले, आणि समोर चौरंगावर मूर्ती. मेव्हण्याने ती तोंड झाकून टेम्पोतून आणली होती. कुठून आणली म्हणून मास्तरांनी विचारलं तेव्हा मी हमरापूर म्हणालो, तिथेही मूर्तींचे कारखाने आहेत. मास्तरांनी लांबून डोळे बारीक करून बघितलं आणि काम चांगलं आहे म्हणाले.

पत्ते बाजूला राहिले आणि संघाचा विषय निघाला. आम्ही दुसरे होतो, पेण पहिलं. फॉरवर्डचा पाय भरून आलाय पण तो आता टॅकलला घाबरतो, असं एकाचं म्हणणं. डावीकडचा बॅक धावत नाही कारण त्याला नोकरीची मुलाखत आहे, असं दुसऱ्याचं. कोचला मुंबईच्या कुठल्या क्लबचं बोलावणं आहे, असं तिसऱ्याने ऐकलं होतं. प्रत्येकाकडे काही ना काही ऐकलेलं होतं. मग मास्तर म्हणाले, विसर्जन झालं की पेणच्या पोरांचे हात मोकळे. दिवाळीनंतर ती रोज प्रॅक्टिस करणार. झोपेत असताना ज्यांनी आपल्याला हरवलं, ती जागी झाल्यावर काय करतील?

“झोपेत हरवलं,” रिक्षावाला म्हणाला, “का आपल्यातल्याच कोणी जागं केलं?”

मग त्याने सांगितलं. आषाढात तो एक भाडं घेऊन पेणला गेला होता. रामवाडीत त्याने आपला गोलकीपर बघितला. काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. इकडेतिकडे बघत तो थेट त्या कॅप्टनच्या कारखान्यात शिरला. बाहेर आला तेव्हा हात रिकामे.

मी पडलेले पत्ते गोळा करायला लागलो. मग मास्तरांनी अगदी हळू, जणू शाळेत गणित विचारावं तसं विचारलं, “मुसलमानाच्या पोराचं गणपतीच्या कारखान्यात काय काम?”

ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच खोलीत, आमच्यापासून चार हातांवर, लाल कापडाखाली होतं. कापडाच्या कडेतून डागाचा कोपरा मला दिसत होता. मला वाटलं तो सगळ्यांनाच दिसतोय. पण त्यांना मूर्ती दिसत होती, पाट कोण बघतं?

आणि तेवढ्यात तो आला. दर वर्षी येतो तसाच, हातात नारळ आणि पिशवीत पेरू. चपला काढल्या, बायकोला वहिनी म्हणून हाक मारली, मूर्तीकडे बघून जरा हसला. सतरंजीवर त्याला कोणी जागा केली नाही, तेव्हा त्याला कळलं की आपलंच काही चाललं होतं.

रिक्षावाल्याने आडून काही विचारलं नाही. “काय रे, रामवाडीला पोत्यात काय घेऊन गेलेलास?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मूर्तीकडे. मग त्याची नजर खाली, पाटाच्या त्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

“माझा काम व्हता,” तो म्हणाला.

“त्या कारखान्यात? तुझा?”

“व्हय. माझा.”

आता मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. थोडी थट्टा झाली असती, शपथ मोडली म्हणून वर्षभर चिडवलं असतं, टपरीवर दोन महिने चहा माझ्या नावावर गेला असता. एवढंच झालं असतं. आणि मी म्हणालो, “जाऊ दे. सणाच्या दिवशी नको ते विषय.”

मी गप्प राहिलो असतो तरी बरं झालं असतं. माझ्या त्या वाक्याने सगळं पक्कं झालं. घरचा माणूस, त्याच्याबरोबर एका कंपनीत काम करणारा, तोच सांभाळून घेतोय म्हटल्यावर नक्कीच काहीतरी असणार. निघताना मास्तर माझा हात दाबून म्हणाले, “तुझं मन मोठं आहे.” गोलकीपर त्याच्या आधीच गेला होता. करंजीची बशी भरलेली तशीच. बायको म्हणाली, आज ह्याला काय झालं?

थट्टेची भीती हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आता सांगतो. रिक्षावाला बोलत असताना क्षणभर मलाही वाटलं होतं, कोणास ठाऊक, पाट देताना ह्यांचं आणखी काय बोलणं झालं असेल? मी पाठवलेला माणूस, माझं काम करायला गेलेला, आणि मीही त्याच्यावर संशय घेतला. संशय घेतला की बोलायची जबाबदारी उरत नाही. तो फार सोयीचा असतो.

दिवाळीनंतर दुसऱ्या गोलकीपरला उभा केला. ह्याला काढलं असं कोणी म्हणालं नाही, नुसतं नाव घेतलं नाही. पहिल्या मॅचला तो साध्या कपड्यांत गोलच्या मागे उभा राहिला. आत गेलेले बॉल त्यानेच उचलून परत टाकले. पुन्हा आला नाही.

कंपनीत त्यानंतर आम्ही एकदाच बोललो. कँटीनमध्ये तो माझ्यासमोर ताट घेऊन बसला, निम्मं जेवण झाल्यावर म्हणाला, “दादा, मूर्ती चांगली झाली व्हती. डोळे बरोबर केले त्यानी.” मी हो म्हणालो. मला वाटतं त्याने मला वाट करून दिली होती, आणि मी आमटी ओरपत राहिलो. पुढच्या रमजानच्या आधी तो कुवेतला गेला.

संघाचं म्हणाल तर नवा गोलकीपर आणखी गोल खायला लागला. मग टोळीचा संशय डाव्या बॅकवर गेला, मग कोचवर, मग रेफरीवर, मग मैदानावर पट्टे मारणाऱ्यावरसुद्धा. मास्तर रिक्षावाल्याला म्हणाले, तुझी भाडी फार पेणला असतात बरं. दोघं महिनाभर बोलत नव्हते. माझ्यावर मात्र कोणाला संशय आला नाही. मी कधी बोलत नाही ना.

पुढच्या आषाढात शपथ सगळेच विसरले होते. मी स्वतः पाट घेऊन रामवाडीला गेलो. कॅप्टनने पाट उलटा करून डाग बघितला आणि ओळखला. म्हणाला, “गेल्या साली तुमचा गोलकीपर आलेला हा घेऊन. बस म्हटला, चहा सांगतो. उभाच राहिला. बोलला, आता नाय, मॅच झाल्यावर घेईन. मग आलाच नाय तो.” हे सांगता सांगता त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो.

म्हणजे शंकेलासुद्धा जागा उरली नाही. तरी मी रोह्याला परत आलो आणि काही बोललो नाही. उशीर झाला की उशिराचंही उत्तर द्यावं लागतं, आणि दर वर्षी ते वाढत जातं.

यंदा गणपतीत तो सुट्टीवर आला होता. अंगाने भरलाय, देवळातल्या पायऱ्या चढताना दम लागावा तसा जिना चढून आला. नारळ, पेरू, आणि बायकोसाठी खजुराचा डबा. टोळी बसलेलीच होती, मोसम अर्ध्यावर होता, आम्ही तिसरे. रिक्षावाल्याने सरकून त्याला जागा केली, पण दाराजवळची. बोलता बोलता मास्तर एकदम थांबले आणि विषय पावसावर नेला. संघाचं त्याच्यासमोर बोलायचं नाही, हे इतक्या वर्षांनी त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. त्यालाही ते कळलं. तो खाली, पाटाकडे बघत बसला. मी त्याला म्हणालो, “चहा घे.”

त्याने घेतला.

हे लिहिलेलं त्या सतरंजीवरच्या माणसांपैकी कोणी वाचेल असं मला वाटत नाही, म्हणून लिहून माझी सुटका होत नाही. त्याचं देणं एवढंच आहे. माझ्या घरी, त्याच माणसांसमोर, तो बसलेला असताना मी म्हणायचं: त्या पोत्यात माझा पाट होता, मीच त्याला पाठवला होता. हे मी अजून म्हटलेलं नाही.