वाचन चाचणीला आलेलं बाळ

कापसाचे भाव बसले त्या वर्षांत आमच्या फुलसावंगीकडच्या शाळेत दुसरीच्या वर्गात दोन-चार बाळंही असायची. वेचणीला मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून आया शेतात जायच्या आणि धाकटं भावंड मुलींच्या कडेवर शाळेत यायचं. वरून आलेल्या वाचन चाचणीला याचा पत्ता नव्हता.

चाचणी साधी. मुलानं एका मिनिटात कार्डावरची गोष्ट वाचायची. वाचली तर ‘गोष्ट’ पातळी. अडलं तर खालची पातळी, आणि शाळा सुटल्यावर रोज एक तास जादा वर्ग. एका मुलीच्या आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, “गुरुजी, जादा तास लागला तं वेचणी सरेपर्यंत पोरगी घरीच राहीन. सांजचा सयपाक तेच करते.”

पोरगी वाचायची चांगली. मी ऐटीत म्हणालो, “तिची काळजी सोडा.”

चाचणीला केंद्रप्रमुख शेजारी बसले. मुलगी भावाला घेऊनच समोर आली. तिचे हात मोकळे करावेत असं मला वाटलं. लेकरं सांभाळण्यात घरी माझी काय ख्याती आहे, ते त्या क्षणी आठवलं नाही. “आन इकडे त्याले,” म्हणून मी बाळ उचललं. त्यानं माझ्या मिशा पाहिल्या आणि भोंगा लावला. मुलगी पहिल्याच ओळीवर थांबली. त्याला गप्प करायला मी हातातलं स्टॉपवॉच दिलं, ते त्यानं तोंडात घातलं.

“वेळ संपली असेल,” केंद्रप्रमुख म्हणाले. “खालची पातळी लिहा.”

पाहतो तर बाळानं बटण चावून घड्याळ बंद पाडलेलं.

“साहेब, वेळ मोजलीच गेली नाही. म्हणजे चाचणी झालीच नाही.”

त्यांनी दुसरं कार्ड काढलं. तोवर मुलीनं बाळ परत मांडीवर घेतलं होतं. मी पुन्हा त्याच्यासाठी हात पुढे केले.

“नाई गुरुजी,” मुलगी म्हणाली, “थो माह्यापाशी चूप राह्यते. तुमी घड्याळच पाहा.”

मांडी हलवत, बाळालाच सांगितल्यासारखी तिनं अख्खी गोष्ट वाचली. बाळ कार्डाचा कोपरा ओढायचं, ती न थांबता सोडवायची. मी ऐकत राहिलो.

“किती वेळ लागला?” केंद्रप्रमुखांनी विचारलं.

घड्याळ शून्यावर होतं. मी ते सुरूच केलं नव्हतं.

केंद्रप्रमुखांनी स्वतःचं मनगट पुढे केलं. “मी पाहून राह्यलो होतो. मिनिट भरलं नाही.” त्यांनी ‘गोष्ट’ लिहिलं आणि हळूच म्हणाले, “जादा तासाले तुम्हीच बसत जा.”

संध्याकाळी ती बाळाला घेऊन घरी गेली. मी जादा वर्गावर थांबलो.