सरांची पेटी

एम.एस्सी. झाल्यावर मला सोलापुरातल्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नोकरी मिळाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील माढ्याला प्राथमिक शिक्षक होते आणि मी शहरात मावशीकडे राहायचे. नोकरीचं ऐकून मावशीनं एकच प्रश्न विचारला, "तितं बायका किती हायत?" विभागात मी एकटीच, असं म्हटल्यावर ती दुसऱ्याच दिवशी लांब बाह्यांचे दोन ब्लाउज शिवायला टाकून आली.

तिची काळजी फुकट गेली. आमचे विभागप्रमुख सर पन्नाशी ओलांडलेले, अतिशय सभ्य गृहस्थ होते. मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे, घरात कानडी बोलणारे. कपाळावर भस्माची पुसट रेघ, अंगात पांढरा बुशशर्ट. माझ्या वयाच्या मुलीलासुद्धा ते "अहो बाई" म्हणून हाक मारायचे.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत सरांनी एक यंत्र बांधलं होतं. कॉलेजात सगळे त्याला "सरांची पेटी" म्हणत, कारण त्याच्या पुढच्या फळीवर रेडिओच्या व्हॉल्यूमची साठेक बटणं होती आणि सर त्यापुढे स्टुलावर बसले की लांबून हार्मोनियम वाजवायला बसल्यासारखे दिसत. कुठल्याशा परदेशी नियतकालिकात त्यांनी वाचलं होतं, की माणसाच्या मेंदूतल्या पेशी जशा एकमेकींना जोडलेल्या असतात तशा तारा जोडून, उदाहरणं दाखवून शिकणारं यंत्र करता येतं. जुन्या बाजारातून मोडके रेडिओ आणून त्यांनी ते स्वतःच्या पगारातून केलं होतं.

पेटीचं काम एकच, तीन आणि सहा हे आकडे वेगळे ओळखायचं. शाळेतल्या मुलांकडून सरांनी हे आकडे चौकटीच्या कागदावर काढून घेतले होते आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली होती. कार्ड खाचेत सारलं की भोकांतून टाचण्या तारांना टेकत, वीज बटणांमधून मधल्या तीन डब्यांत जाई आणि तिथून शेवटच्या दिव्याकडे. दिवा लागला तर सहा, नाही लागला तर तीन. कुठल्या टाचणीचं किती ऐकायचं, हे बटणं ठरवत. म्हणजे पेटीला शिकवायचं ते बटणं फिरवूनच.

सरांची शिकवण्याची पद्धत त्यांच्या स्वभावासारखी होती. एक बटण केसभर फिरवायचं, मग चाळीसच्या चाळीस कार्डं एकेक करून दाखवायची आणि चुका मोजायच्या. कमी झाल्या तर बटण तिथंच ठेवायचं, वाढल्या तर मागं आणायचं. मग पुढचं बटण. प्रॅक्टिकल संपली, मुलं सायकली काढून गेली, की ते रोज या कामाला बसत. मी रुजू झाले तेव्हा त्याला दोन वर्षं होत आली होती. सुरुवातीला चुका भराभर कमी झाल्या होत्या म्हणे. नंतर नऊवर आल्या आणि तिथंच थांबल्या. कुठलंही बटण कुठंही फिरवा, चुका वाढायच्याच. स्टाफरूममध्ये कुणी तरी म्हणायचं, "सरांचा आणि पेटीचा छत्तीसचा आकडा आहे," आणि सगळे हसायचे. सरही हसत. मग ते तारा बदलत, सांध्यांना डाख पुन्हा देत, संध्याकाळी गावातले माग चालू झाले की विजेचा दाब पडतो म्हणून विजेला दोष देत.

मी त्यांना कार्डं सारून द्यायचे. एका संध्याकाळी, चुका परत नऊ आल्यावर, मी बोलून गेले. "सर, अंधारात नदीकडे निघालेला माणूस फक्त उताराचा पाय टाकत गेला, तर वाटेतल्या पहिल्याच खड्ड्यात जाऊन बसेल. चारी बाजूंना चढ लागतोय म्हणजे हीच नदी, असं त्याला वाटेल. नदी त्याच्या कितीतरी खाली, दुसरीकडेच वाहत असेल. आपण एकदम सगळी बटणं बदलून दुसरीकडूनच सुरुवात केली तर?"

सरांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. "म्हणजे दोन वर्षं मी खड्ड्यात बसलोय म्हणता?"

ते हसत होते. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि मला जीभ चावावीशी वाटली. "तसं नाही, सर..."

"अहो बाई, बरोबर आहे तुमचं. करून बघा की."

मी आत्ताची बटणं कुठं कुठं आहेत ते आधी टिपून घेते म्हणाले, म्हणजे नाही जमलं तर परत आणता येतील. कागद घेऊन वळते तोवर सरांनी दोन्ही तळहात फळीवरून फिरवून सगळी बटणं शून्यावर आणली होती. दोन वर्षांचं काम एका दमात पुसलं गेलं. "राहू द्या," एवढंच म्हणाले, आणि हात रुमालाला पुसले.

बटणं कुठं ठेवायची ते माणसानं ठरवायचं नव्हतं, चिठ्ठ्यांनी ठरवायचं होतं. स्टाफ क्लबातली हाउजीची पिशवी मी मागून आणली. सोंगटी काढायची, तिच्यावरच्या आकड्याप्रमाणे बटण लावायचं. सोंगट्या काढायला काकू बसल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. घर कॉलेजला लागूनच होतं, संध्याकाळी त्या सरांसाठी चहाची किटली घेऊन यायच्या. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं त्या खोलीच्या दारातूनच परत जायच्या, आता पदर खोचून पेटीसमोर बसल्या. "आत्ता मजा आली बघ," म्हणाल्या. "आदी नुसतं फिरवायचं आन् मोजायचं, फिरवायचं आन् मोजायचं. हितं निदान नशीब तरी हाय!"

सोंगट्यांनी बटणं लागली की तिथून पुढे सरांचीच पद्धत, एकेक बटण केसभर. मी सरांना म्हटलं, "तुम्ही बसा ना, सर. तुमच्या हाताला सवय आहे." ते स्टूल माझ्याकडे सरकवून खिडकीपाशी उभे राहिले. बहुतेक सुरुवाती वाया गेल्या. कधी चुका बारावर अडकायच्या, कधी पंधरावर. मला मनातून बरंच वाटायला लागलं होतं. जमलं नाही तर नऊ चुका हीच सीमा होती असं म्हणता येईल आणि त्या संध्याकाळचं माझं बोलणं खोटं ठरेल, असं वाटायचं. पण एका शनिवारी दुपारी चुका आठावर आल्या, मग सहावर, चारावर, आणि दोनावर येऊन थांबल्या. ती दोन कार्डं तर मलासुद्धा वाचता आली नसती. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडलेच, "सर!" आणि स्टुलावरून उठून चक्क नाचले.

सरांनी येऊन स्वतः चाळीस कार्डं पुन्हा सारून बघितली. "शाबास," म्हणाले. मग घड्याळाकडे बघून, "जरा बाजारात जाऊन येतो." चहा तसाच राहिला.

तो माझा नाच मला अजून आठवतो आणि अंग आकसून घ्यावंसं वाटतं.

पुढे मुंबईच्या एका परिसंवादासाठी यावर निबंध लिहायचं ठरलं. मी दोघांची नावं घातली, सरांनी आपलं खोडलं. मी वाद घातला, की यंत्र तुमचं, एकेक बटण फिरवायची पद्धत तुमची, मी फक्त सोंगट्या आणल्या. "नवीन काय आहे ते तुमचं आहे," ते म्हणाले. "जुनं छापत नसतात."

त्यानंतर सर मागच्या खोलीत येईनासे झाले. तास घेत, प्रॅक्टिकल तपासत आणि मुलांच्या बरोबरीनंच घरी जात. खोलीची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवून दिली होती. महिन्याभरानं काकू मावशीकडे आल्या. मावशीनं चहा केला, इकडचं तिकडचं झालं. मावशी आत गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "पोरी, ते लवकर घरी येतात. मला वाटलं हुतं बरं हुईल. पण नुसते खुर्चीत बसतात गं. रेडिओसुद्धा उघडून बघत न्हाईत. तू एक काम करशील? त्यांना सांग की पेटी बिघडली."

"पण ती बिघडली नाहीय, काकू."

"मग बिघडव की."

मी ते केलं. मधल्या एका डब्याची तार सोडवली आणि सरांकडे जाऊन म्हणाले, "सर, पेटी एकदम चुकायला लागलीय. मला काही कळत नाही." सर लगेच उठले. चष्मा वर सरकवून पेटीच्या मागं वाकले, तेव्हा त्यांच्या हालचालींत पूर्वीची घाई होती आणि मला वाटलं, काकूंचं बरोबर होतं. पण त्यांना तार सापडायला काही क्षणच लागले. तिचं टोक बोटात धरून ते बघत राहिले. डाख तुटलेला नव्हता. स्क्रू सैल करून तार काढलेली होती, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीच्या डोळ्यांना ते कळणारच होतं. त्यांनी ती जागेवर बसवली, स्क्रू आवळला, कार्ड सारून दिवा बघितला.

"झालं," म्हणाले. दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, माझी एवढी काळजी करू नका."

मी त्या खोलीत बसून रडले. त्यांना हरवलं होतं ते एक वेळ चाललं असतं, आता त्यांची कीव केल्याचंही त्यांना कळलं होतं. संध्याकाळी काकूंना मी खोटंच सांगितलं, की अजून वेळ मिळाला नाही.

मुंबईच्या परिसंवादात फार कुणी लक्ष दिलं नाही. अशा मेंदूसारख्या यंत्रांचा नाद परदेशात बऱ्याच जणांनी सोडलाय, असं मला तिथं कळलं. पण बाकावरून एक वयस्क गणितज्ञ उठून म्हणाले, की यंत्राचं राहू द्या, अनेक खड्ड्यांतून सर्वांत खोल खड्डा शोधायचा प्रश्न खरा आहे, यावर काम करणार का? अशी मला तिथं संशोधनाची जागा मिळाली. शिफारसपत्र सरांनीच दिलं. घरच्यांना राजी करायला माढ्यापर्यंत येऊन वडिलांशी बोललेही तेच.

मुंबईत संगणक होता. सोलापूरची कार्डं मी बरोबर नेली होती. पेटीत होत्या तशाच जोडण्या मी प्रोग्रॅममध्ये लिहिल्या, आणि पहिल्यांदा सरांचीच पद्धत चालवून बघितली. सरांनी सगळी बटणं मधोमध ठेवून सुरुवात केली होती, कुणीही तशीच केली असती. संगणकानंही तिथूनच सुरुवात केली, एकेक बटण केसभर फिरवलं, आणि तोही नऊ चुकांवर येऊन थांबला.

मला केवढा आनंद झाला! सरांच्या तारा चांगल्या होत्या, डाख चांगले होते, हात चुकला नव्हता. जिथं संगणक अडकला तिथंच ते अडकले होते. दिवाळीला सोलापूरला आले ती मावशीकडे पिशवी टाकून तशीच सरांच्या घरी गेले. हे ऐकून त्यांच्या मनातलं शल्य जाईल अशी माझी खात्री होती.

सर अंगणात बसले होते. त्यांनी मुंबईचं पाणी, जेवण, राहण्याची सोय, सगळं विचारलं. मग मी सांगितलं. ते पुढे सरकून बसले. "सुरुवात दुसरीकडून केलीत का? किती ठिकाणांहून?" शेकडो, मी म्हटलं. "त्यातल्या किती सुटल्या?" बऱ्याच अडकतात, मी म्हटलं, पण मधल्या जागेपासून थोडं जरी बाजूला निघालं तरी पुष्कळदा वाट मिळते. किती तरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली होती आणि मी उत्साहानं बोलतच राहिले.

मग ते म्हणाले, "म्हणजे पहिल्या दिवशीच चुकलं."

"नाही, सर, मी तेच सांगतेय, तुमचं काहीच..."

"बटणं मधोमध ठेवली तेव्हाच पुढची दोन वर्षं ठरून गेली होती. त्यानंतर मी कितीही नीट काम केलं असतं तरी..." त्यांनी हात हवेत उघडला आणि मांडीवर ठेवला. काकू दारात उभ्या होत्या. "होगली बिड्री," म्हणाल्या, म्हणजे जाऊ द्या हो. आणि मग माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. पण कशाला आलीस गं, असं त्या बघण्यात होतं.

जेवायला बसवलं त्यांनी मला. सरांनी आग्रह करून भाकरी वाढायला लावली. मी शेंगाची चटणी नुसती बोटानं सारखी करत बसले.

त्यानंतर सोलापूरला यायचे ती मावशीकडूनच परत जायचे. सर निवृत्त झाल्याचं ऐकलं. त्यांची पेटी सोडवून सामान नव्या प्रयोगांना वापरलं, हेही ऐकलं. एकदा भाजीबाजारात काकू भेटल्या. सर बरे आहेत म्हणाल्या, अधूनमधून विचारतात तुझं.

"येत न्हाईस गं आमच्याकडं?"

"येते की, काकू. या खेपेला नक्की येते," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी घातली. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं मी मुंबईला निघून गेले.