आधी हलिमाबी, मग शाहीर

रज्जाकभाई मणेर माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघायचेच नाहीत. बघायचे ते मनगटाकडे. बदली होऊन मी कडेगावात आलो त्याच आठवड्यात बायको मला त्यांच्या दुकानात बांगड्या भरायला घेऊन गेली. मी आपला बाकावर टेकलो होतो, तर या गृहस्थांनी माझाच हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "खडूचा हात. मास्तर दिसतायसा. आन् घरात इकडची काडी तिकडं करत न्हाईसा." बायको इतकी हसली की तिच्या हातात अर्ध्यावर गेलेली बांगडी तडकली. मला भयंकर राग आला. खरं सांगायचं तर राग एवढ्याचसाठी आला, की दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पुढे हा माणूस माझा सगळ्यात जवळचा मित्र झाला. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात. बांगडी भरताना बाई हात ढिला सोडते आणि हात ढिला झाला की बोलणंही सुटतं, असं ते म्हणत. कोणाची सून रुसली, कोणाचा नवरा पुण्याला जाऊन बसला, सगळं त्या बाकड्यावर यायचं. पण एका घरातलं दुसऱ्या घरात त्यांनी कधी नेलं नाही. मी खोदून खोदून विचारायचो. "मास्तर, मी बांगड्या भरतो, कान भरत न्हाई," म्हणायचे आणि काचेवर फडकं मारायला लागायचे.

त्यांची स्वतःची बायको, जुबेदाभाभी, मात्र घरात नव्हत्या. त्या शिरवळला मुलाकडे राहत. सलीम तिथल्या एका कंपनीत कामाला होता. नातवंडं लहान आहेत म्हणून गेल्यात, असं रज्जाकभाई सांगायचे. नातवंडं दहावीला गेली तरी ती लहानच होती. मला कळायला हवं होतं, पण मी पडलो मास्तर.

आमच्या मैत्रीत दर हिवाळ्यात एक ठरलेलं भांडण असे, आणि ते व्हायचं एका कबरीपाशी. गावापासून दीड कोसावर माळावर जुनं कबरस्तान आहे. तिथे आमच्या भागाचा नामांकित कवी, शाहीर नूरमहंमद, निजला आहे. शाहिराने बरंच काही लिहिलं, पण लोकांच्या तोंडी राहिली ती बायकोवरची गाणी. हलिमाबीची करपलेली भाकरी, हलिमाबीची जीभ, हलिमाबीचं माहेरी पळणं. फडावर उभा राहून तो गायचा आणि जत्रा पोट धरून हसायची. एक दिवस हलिमाबी उठली आणि त्याच गावात भावाच्या घरी जाऊन राहिली ती राहिलीच. शाहीर गेला तेव्हा आली. जनाजा उचलण्यापूर्वी बायकोकडून कहासुना, म्हणजे आयुष्यभराचं बोललं-चाललं, माफ करवून घ्यायची त्यांच्याकडे रीत आहे. वडीलधाऱ्याने तिला म्हटलं, बोल, माफ केलं म्हण. ती बोलली नाही. लोक थांबले, पुन्हा विचारलं, शेवटी ऊन वर चढायला लागलं म्हणून जनाजा उचलला. तिने माफ केलं की नाही, यावर आमच्याकडे अजून चहाच्या टपरीवर दोन तट पडतात.

शाहिराच्या पुण्यतिथीला तिथे मंडप, फ्लेक्स आणि पुढाऱ्यांची भाषणं असतात. म्हणून आम्ही आदल्या दिवशी सकाळीच माझ्या स्कूटरवरून जायचो. रज्जाकभाईंच्या मांडीवर गुलाबाची पुडी. शाहिराच्या कबरीला संगमरवर, लोखंडी कुंपण, नावाची पाटी. हलिमाबी पार दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली, मातीचा नुसता उंचवटा. रज्जाकभाई आधी तिकडे जायचे. अर्धी फुलं तिच्यावर, उरलेली शाहिरावर. "आधी हलिमाबी, मग शाहीर," दरसाल हेच वाक्य.

मग कबरस्तानाच्या भिंतीवर बसून आमचं सुरू. मी म्हणायचो, "आली ना ती? यायचं नसतं तर आली असती का? येणं म्हणजेच माफ करणं."

"आवं, मयताला कोण येत न्हाई? सावकारबी येतो."

"आणि तो कवी माणूस! जे घरात दिसलं ते लिहिलं. तिचं नाव तर अमर केलं की नाही?"

"तिनं मागितलं व्हतं का नाव?"

"मग तुमचं म्हणणं काय, तिने भरल्या मयतात नाही म्हणायचं?"

"म्हणूच शकत न्हाई, त्येच तर सांगतोय. चाळीस माणसं खांदा द्यायला उभी, वाट बघत्यात, आन् बाईला म्हणायचं, बोल गं, माफ केलं म्हण. ह्येला इचारणं म्हणत न्हाईत मास्तर, उरकणं म्हणत्यात." मग माझ्याकडे वळून, "माझ्या टायमाला जुबेदाला कुणी इचारायचं न्हाई. तुमी आडवं व्हायचं. शबूद द्या."

मी दरसाल हसण्यावारी न्यायचो आणि शब्द द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी मात्र माझी जीभ घसरली. मी म्हणालो, "तुम्ही फारच मनाला लावून घेता बुवा. फडावरची थट्टा ती! चार लोक हसले तर बाईचं काय झिजलं?"

 रज्जाकभाई आपला हात पुढे धरून त्याच्याकडे बघत बोलायला लागले.

शिराळ्याच्या नागपंचमीला ते दरवर्षी बांगड्यांचा स्टॉल लावत. बायकांची ही गर्दी! तेव्हा जुबेदाभाभी सोबत असत. भाभींचा हात रुंद, हाडापेराने मोठा, पाणी ओढून आणि भांडी घासून राठ झालेला. मापाने दोन-दहाचा. रज्जाकभाई भर गर्दीत तो हात वर धरत, त्याहून लहान दोन-आठची बांगडी त्यात दाबून दाबून चढवत आणि ओरडत, "बघा बायांनो! ह्या हातात गेली म्हणजे तालुक्यात कुणाच्याबी हातात जाती!" गर्दी हसायची. बांगड्या धडाधड खपायच्या.

"रगत यायचं तिच्या हातावर," ते म्हणाले. "घरी आल्यावर म्हणायची, असं करू नगा, मला लाज वाटती. मी म्हणायचो, आगं धंदा हाय. सात वर्सं, मास्तर. सात पंचम्या. आठव्या साली स्टॉलवर मी हात पुढं कर म्हटलं, तर तिनं पदराखाली घेतला. तिथनंच सलीमच्या गाडीत बसली. तवापास्नं तिच्या हातात बांगडी न्हाई. मणेराची बायको, आन् रिकामा हात."

इतकी वर्षं आम्ही शाहिरावरून भांडत होतो, आणि मी मूर्ख, खरं कोणावरून भांडतोय ते मला माहीतच नव्हतं! शरम वाटली. पण माझा स्वभाव असा, की शरम वाटली की मी चिडतो. मी फाडकन म्हणालो, "मग इथे मेलेल्यांचा निवाडा काय करताय? जिवंत बायको शिरवळला बसलीय. जा आणि विचारा! तिला नाही म्हणता येईल असं विचारा, तिच्या दारात, एकट्याने. मयतापर्यंत कशाला थांबलाय?"

गावात आल्यावर ते स्कूटरवरून उतरले आणि मागे न बघता दुकानात शिरले. मला वाटलं, संपली मैत्री.

आठव्या दिवशी दुकान बंद. शेजारच्या टेलरने सांगितलं, पहाटेच्या एसटीने गेले, वरच्या फळीवरच्या बाटली-हिरव्या बांगड्या एक डझन कागदात बांधून. माप कोणतं घेतलं, तर दोन-दहा. संध्याकाळी परत आले तेव्हा हात रिकामे. मी जवळजवळ धावतच गेलो.

"विचारलंत?"

"इचारलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"मास्तर," ते फडकं झटकत म्हणाले, "त्ये तुमच्या वादात येत न्हाई."

हरप्रकारे विचारून पाहिलं. चहा पाजला, रागावलो, बायकोला मध्ये घातलं. ढिम्म! पुढच्या हिवाळ्यात कबरीवर गेलो तेव्हाही नाही. फुलं मात्र तशीच वाटली, आधी हलिमाबी, मग शाहीर. त्या दिवशी वाद झालाच नाही. त्यांचं लक्षच नव्हतं, बाभळीखाली बसून उगीच हसत होते.

गेल्या श्रावणात, पंचमीच्या मालाच्या पेट्या बांधता बांधता, रज्जाकभाई दुकानातच कलंडले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. सलीम आईला घेऊन दुपारी आला. अंगणात जनाजा तयार होता, भाभी दाराच्या चौकटीपाशी बसलेल्या. मोहल्ल्यातले वडीलधारे, मुल्लाचाचा, पुढे झाले आणि मायेनेच म्हणाले, "बोल बेटी, कहासुना माफ किया बोल."

 परक्या धर्माचा माणूस, त्यांच्या मयतात, त्यांच्या रीतीच्या मध्ये पडायचं! पण शब्द दिला होता. मी पुढे जाऊन म्हणालो, "चाचा, माफ करा, पण तसं विचारू नका. रज्जाकभाईंनीच सांगून ठेवलंय." सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मुल्लाचाचांच्या कपाळावर आठी चढली.

तेवढ्यात भाभी बोलल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू आला. "गुरुजी बरोबर बोलत्यात. मला इचारू नगा. त्यांनी मला जित्तेपणी इचारलंय. माज्या दारात येऊन इचारलंय. मी काय सांगितलं त्ये त्यांना ठावं हाय."

मुल्लाचाचा मागे सरले. मी भाभींच्या तोंडाकडे बघणार होतो, पण सवय लागली होती, बघितलं मनगटाकडे. बाटली-हिरव्या बांगड्या. दोन्ही हातांत सहा-सहा. शेजारची एक म्हातारी आता त्या फोडायला पुढे सरसावली, तर भाभींनी हात मागे घेतला. "फोडायच्या न्हाईत," म्हणाल्या, आणि एकेक करून स्वतःच काढायला लागल्या. त्या रुंद, राठ हातातून बारापैकी एकही बांगडी अडली नाही, की तडकली नाही. माप अगदी बरोबर होतं. मी भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

या हिवाळ्यात माळावर मी एकटाच गेलो. गुलाबाची पुडी घेतली. आधी हलिमाबी, मग शाहीर. भिंतीवर बसलो, पण वाद घालायला कोणी नाही आणि घालावासाही वाटेना. उठताना संगमरवराजवळ थांबलो आणि एवढंच विचारलं, "शाहीर, तुम्ही कधी तिच्या भावाच्या दारात गेला होतात का?"